तांबडा गोऱ्हा

वासराचं दुखणं आधी कानांत दिसतं. माशी बसायच्या आत फडकणारे कान दोन्ही बाजूंना लोंबू लागले, की आबा हातातलं काम टाकून उठतात. 2023 च्या श्रावणात, पाऊस ओढ देऊन बसलेला असताना, आमचा गोऱ्हा असाच मलूल झाला. आबांनी मानेवरून हात फिरवला आणि बोटांना गाठी लागल्या. लंपी.

आदल्या वर्षी या रोगाची साथ जळगावकडून राज्यात पसरली, तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली होती. गोऱ्हा तेव्हा जन्मायचा होता. पोटात असताना गाईच्या रक्तातलं रोगाशी लढायचं बळ वासराला मिळत नाही. ते येतं चिकातून, आणि त्याचं आतडं ते पहिल्या दिवसभरातच काय ते शोषून घेतं. आपण मात्र त्याच चिकाचा खरवस गल्लीभर वाटतो. हा जन्मला तेव्हा आईनं खरवसाचं नाव काढू दिलं नव्हतं. "आधी लेकराचं पोट भरू द्या," म्हणाली.

त्याला गोठ्यातून काढून शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली नेला. गोमाश्या, डास, गोचीड यांच्यावाटे रोग पसरतो, म्हणून वरून मच्छरदाणी आणि दिवेलागणीला लिंबाच्या पाल्याचा धूर. याचा दवाखाना बाजेशेजारीच भरला. डॉक्टरांनी तापाचं आणि जखमा चिघळू नयेत म्हणून इंजेक्शन दिलं. मूळ रोगावर औषध नाही, तो अंगानंच झुंजून काढायचा.

तोंड आतून सोललेलं, त्यामुळे आचळ धरवेना. चुलता बांबूची नळी घेऊन आला, तर आबांनी हात धरला; ठसका लागून दूध फुप्फुसात गेलं तर संपलंच. मग वाटीतल्या दुधात बोटं बुडवून ती त्याच्या जिभेवर ठेवायची. कधी चाटायचा, कधी नुसता बघत राहायचा. सुजलेल्या पायांखाली गोणपाट घालून कूस बदलायची, फुटलेल्या गाठी लिंबाच्या पाण्यानं धुवायच्या, कडेला हळद दाबायची. रात्री टॉर्च लावून माश्यांनी अंडी घातलीत का ते पाहायचं. पलीकडे गाय हंबरली, की याचा एक कान तेवढा हलायचा. त्या हलण्यावर आम्ही झोपायला जायचो.

बघायला येणारे हळहळत आणि हिशेबही सांगत. कालवड असती तर गोष्ट वेगळी. गोऱ्ह्याला आता कोण विचारतो? नांगरट ट्रॅक्टरनं होते. 2015 च्या कायद्यानंतर बैल कापायला बंदी आली, तेव्हापासून निकामी बैल घरीच उभा. हिशेब खोटा नव्हता. लाल कंधारी ही याची जात आमच्या भागाचा अभिमान खरा, पण तो बहुतेक भाषणांत चरतो. वैरण लागते ती गोठ्यात. आबा उत्तर द्यायचे नाहीत, पाव्हण्याच्याच हातात दुधाची वाटी द्यायचे.

एका सकाळी त्यानं बोट असं ओढलं की आबांनी "हाड!" म्हणून हात काढून घेतला. मग त्याला गाईखाली सोडला. तिनं खपल्यांसकट सगळं अंग चाटलं. आमची हळदही गेली.

आता त्याचा रंग पुन्हा गडद तांबडा झालाय. गाठींच्या जागी केस आलेले नाहीत. त्यामुळे बाजारात किंमत पडेल, असं लोक सांगतात. आबांच्या डोक्यात दुसरंच. दारात ट्रॅक्टर उभा असताना ते येईल त्याला विचारतात, "याच्या जोडीचा, याच रंगाचा गोऱ्हा कुणाकडं हाय का?"