कापडी पंखांचा गुरू
बंगळूरच्या जे. पी. नगरात नातेवाइकांकडे गेलात, तर मुलांना जुन्या विमानतळ रस्त्यावरील एचएएलचे विमान संग्रहालय अवश्य दाखवा. तेथील धातूचे 'एचटी-२' हे मराठी अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे विमान. १९५१ साली ते प्रथम उडाले आणि पुढे वायुदलाच्या प्रशिक्षणात त्याने ब्रिटिश 'टायगर मॉथ'ची जागा घेतली.

१९३१ सालच्या त्या गुरूचे पंख एकावर एक, लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे. ओलाव्याने सरस सुटतो, उन्हाने कापड विरते. म्हणून अधूनमधून कापड उतरवून लाकूड तपासावे लागते. वायुदलाचे एक टायगर मॉथ ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१२ साली पुन्हा उडाले. विमान जपायचे, तर सुई-सरसाचे हे कसबही जपायला हवे.