माळावरचं ऊन : सास्तूर ते चाळकेवाडी

सोमवार, सास्तूर

वैशाखातलं ऊन साडेसातलाच डोळ्यांवर येतं. बांधावरच्या काळ्या दगडावर एक सरडा पसरला होता. अंग गडद, कूस सूर्याकडे. स्नायू गार असले की चाल मंदावते. मी अगदी जवळ गेलो तेव्हा कुठे तो फटीत सरकला. तासाभरानं दुसरा एक दिसला, तो नजर वळायच्या आत बाभळीवर.

अंग पस्तीस अंशांच्या आसपास, काही जातींत थोडं वर तापलं की सरडा सर्वांत जोरात पळतो. त्यापुढे मात्र वेग एकदम कोसळतो. आणखी सात-आठ अंशांत त्याला तोलही सावरत नाही, आणि तसाच उन्हात राहिला तर मरतो.

दुपारी बांध ओस. दगडाला हात लाववेना. जिथं उतरलोय तिथल्या आजी म्हणाल्या, "माळवदात उन्हाळा कळत नव्हता बघा." ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात ती जाड भिंतींची घरं पडली, माणसं त्याच दगडांखाली गेली. सरडा अजून दगडांच्याच आसऱ्यानं दुपार काढतो. पण फटीत बसलं की किडे टिपणं थांबतं, जोडीदार शोधणं थांबतं. बॅरी सिनर्व्हो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मेक्सिकोतल्या २०० ठिकाणांचा हिशेब मांडला: १९७५पासून १२ टक्के ठिकाणचे सरडे संपले होते. विणीच्या दिवसांत लपून बसायचे तास फार वाढले होते. सावली गेली की हे लपायचे तास आणखी वाढतात, म्हणून बांधावरची बोर-बाभूळ तोडलेली मला पाहवत नाही.

मंगळवार

सोलापूरमार्गे सातारा. दिवसभर एसटी.

बुधवार, चाळकेवाडी

सास्तूर सुमारे ६०० मीटरवर, हे पठार हजाराच्या वर. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. वारा अंगातली ऊब पळवतो, पण स्वच्छ उन्हात कातळ चांगला तापतो. सरडा त्याला पोट चिकटवून हवेपेक्षा कितीतरी गरम होऊ शकतो. २०१६मध्ये नव्यानं नोंदलेली 'सारडा सुपर्बा' ही जात इथलीच. नर दगडावर चढून गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो. देखणा प्राणी!

पळण्यामागे भीतीही असते. मारिया ठाकर, आमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८मध्ये दाखवलं की या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, सरडे जास्त, आणि ते माणसाला बरंच जवळ येऊ देतात. आज तेच पाहिलं: अंग तापलेलं, तरी हलायची घाई नाही. उद्या पवनचक्क्या नसलेल्या भागात जातोय. ऊन तेच असेल, घारी-ससाणे जास्त. तिथले सरडे किती अंतरावरून पळतात ते पुढच्या भागात.