टीएमसी आणि दलघमी

शिरवण्याच्या एमआयडीसीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. जून उजाडला की माझ्या टेबलावर धरणांचे आकडे येऊ लागतात. सरकारी तक्ते दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये असतात, माणसं मात्र टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत बोलतात. कोयना १०५ टीएमसीचं, हे कराडच्या शेतकऱ्याला पाठ असतं. तेच २,९८० दशलक्ष घनमीटर म्हटलं की त्याला थांबून हिशेब करावा लागतो. म्हणून माझ्या आलेखांना डावीकडे दलघमी, उजवीकडे टीएमसी. आर या संगणकभाषेतल्या आलेख काढायच्या जीजीप्लॉटमध्ये ‘सेक_ॲक्सिस’ला एवढंच सांगायचं: डावा आकडा भागिले २८.३१७. रेघ जागची हलत नाही. खुणा तेवढ्या नव्या उमटतात.

रेघ हलत नाही, याचा अर्थ मला उशिरा कळला. एकदा साठ्याच्या आलेखावरच पाऊस काढायचा होता, तोही मिलिमीटरमध्ये. उजवा अक्ष फक्त लेबलं बदलतो. त्यामुळे पाऊस आधी एका गुणकाने फुगवून साठ्याच्या मापात बसवावा लागतो आणि अक्षावर त्याच गुणकाने परत भागावा लागतो. मी गुणक बदलत राहिले, दोन्ही रेघा एकमेकींना बिलगेपर्यंत. देखणा आलेख झाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांना दाखवला.

“मॅडम, हा गुणक कुठून आणलात?”

उत्तर नव्हतं. कोयनेचं पाणी वीज करायला पश्चिमेकडे जातं, दारांतून नदीत जातं. पावसाची आणि साठ्याची रेघ बिलगायला कारणच नव्हतं. ते बिलगणं माझं होतं. पाऊस मी वेगळ्या चौकटीत हलवला, तारखांचा अक्ष तेवढा सामाईक ठेवला. जीजीप्लॉट रचणाऱ्या हॅडली विकहॅम यांचा अशा दोन स्वतंत्र अक्षांना विरोधच होता. २०१६ च्या २.२.० आवृत्तीत दुसरा अक्ष आला, तोही पहिल्याचं रूपांतर म्हणूनच. ही अट मला आता आधार वाटते.

माझा आवडता आलेख मात्र पातळीचा. डावीकडे फूट, उजवीकडे टीएमसी. इथे एका आकड्याने भागून चालत नाही. दरी वर रुंदावत जाते, तळाच्या फुटात थोडं पाणी मावतं, वरच्या फुटात कितीतरी जास्त. मग धरणाचा पातळी-साठ्याचा तक्ता घेऊन ‘ॲप्रॉक्सफन’ने त्याचं फलन करायचं आणि तेच अक्षाला द्यायचं. उजवीकडच्या खुणा खाली विरळ पडतात, वर दाटत जातात. ऑगस्टात रेघ त्या दाटीत शिरली की मी डावीकडे बघतच नाही.