विसण

कढत पाण्यात मिसळावयाच्या थंड पाण्यास मराठीत 'विसण' असा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आमची पंचवीसांहून अधिक वर्षे गेली. परंतु या शब्दाच्या तोडीचा एकच सुटसुटीत शब्द त्या समृद्ध भाषेत आम्हांस आढळला नाही. पाणी आधी चांगले तापवावे आणि मग अंगास सोसेल इतके निववावे, हे आपल्या न्हाणीघराचे सारे शास्त्र या तीन अक्षरांत आले.

धाराशिवच्या आमच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब असे. त्याच्या मधल्या नळकांड्यात तुराट्या व गोवऱ्या पेटत आणि भोवतालचे पाणी तापे. बंबास अंश ठाऊक नव्हते. घंगाळात बुडविलेला हात देईल तो निकाल. आता त्याच्या जागी 25 लिटरांचा विजेचा गीझर आला असून त्यास अंशांची फिरकी आहे. आणि ती कोठे ठेवावी, यावरून घरात दोन पक्ष पडले आहेत. मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे. चटका बसल्यावाचून त्यांस स्नान झालेसे वाटत नाही, म्हणून त्यांची मागणी 75 अंशांची. चिरंजीवांची नजर विजेच्या बिलावर. ते 45 च्या वर जाऊ देत नाहीत.

चिरंजीवांचे गणित खोटे नाही. 20 अंशांचे 25 लिटर पाणी 60 पर्यंत नेण्यास सुमारे सव्वा युनिट वीज लागते, 75 पर्यंत नेण्यास दीड युनिटाहून अधिक. शिवाय आमच्या बोअरचे पाणी जड. ते जितके अधिक तापवावे, तितका क्षारांचा थर कॉइलवर लवकर चढतो. तेव्हा 75 नकोत, हे आम्हांस मान्य आहे.

पण 45 ही नकोत. 1976 साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या एका अधिवेशनानंतर न्युमोनियासारख्या रोगाने अनेक जण दगावले. त्याच्या मुळाशी जो जंतू सापडला, त्याचे नाव त्या सैनिकांवरून लीजिओनेला असे पडले. साचलेल्या कोमट पाण्यात, 20 ते 45 अंशांच्या दरम्यान, तो वाढतो. 60 अंशांस तग धरीत नाही. थंड देशांत खोल्या उबविणारे रेडिएटर पुष्कळदा कमी तापमानावर चालवितात; परंतु नळासाठी टाकीत साठविलेले पाणी मात्र 60 अंशांवर ठेवावे, असे तेथील जाणते सांगतात. घरगुती गीझरात धोका थोडा असेल. पण वृद्धांच्या फुप्फुसांवर तो कशास घालावा?

म्हणून 60. परंतु येथे दुसरी अडचण उभी राहते. मॉरिट्झ व हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी 1947 साली दाखवून दिले की, 60 अंशांचे पाणी अवघ्या पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजते. आणि मातोश्रींच्या पायांची संवेदना मधुमेहाने मंदावली आहे. पाय पोळला तरी त्यांस ते कळणार नाही. फोड दिसेल तेव्हाच कळेल, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम सहजी भरत नाही.

या पेचातून वाट काढणारे विसणच. 60 अंशांचे दहा लिटर व 20 अंशांचे दहा लिटर मिळून 40 अंशांची भरली बादली होते. टाकीत कढत, बादलीत सोसवेल असे. दोन्ही पक्षांचे समाधान. जुन्या रीतीत फेर इतकाच करावा की, थंड पाणी बादलीत आधी पडावे आणि ऊन मागून. म्हणजे नुसते कढत पाणी बादलीत कधीच राहत नाही.

राहता राहिला परीक्षेचा हात. तो आता मातोश्रींचा असून चालणार नाही, हे त्यांस सांगणे कठीण. ज्या हाताने आमचे पाणी पाहिले, त्याच हातास 'आता तुझे खरे नाही' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? चिरंजीवांनी यावर बरी तोड काढली आहे. रोज सकाळी ते न्हाणीघरात जातात, कोपर बुडवून पाहतात आणि बाहेर येऊन एवढेच म्हणतात, "आजी, विसण घालून ठेवलंय." नातवाने केलेली ही सेवा मातोश्री आनंदाने स्वीकारतात. अंशांची काळजी फिरकीवर सोपविता येते. माणसाचा मान राखून त्याची काळजी घेणे घरच्यांनाच करावे लागते.