दुसरी मूठ

कोरडवाहू शेतीला, म्हणजे विहिरीचे वा कालव्याचे पाणी नसलेल्या आणि केवळ पावसावर उभ्या असलेल्या शेतीला, निराशेचा हंगामही जवळजवळ ठरलेला असतो. 7 जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो, पाठोपाठ पाऊस येतो आणि जमीन वापशावर येते, म्हणजे मातीत ओल असते पण चिखल नसतो, मूठ दाबली तर ढेकूळ बनते आणि बोट लावताच ते फुटते. मग मराठवाड्यात आणि विदर्भात गावोगाव पेरणीची घाई उडते. कधी कधी त्यानंतर पाऊस निघून जातो. मोसमी पावसाचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की तिकडे नद्या फुगतात आणि मध्य भारतासह दख्खनचे पठार कोरडे पडते. हवामानशास्त्रात याला पावसाचा खंड म्हणतात. आर्द्रा कोरडी जाते, पुनर्वसूचे ढग सावली देऊन पुढे सरकतात आणि तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, बोटाने माती उकरून बी पाहण्याचे दिवस येतात.

त्या उकरण्यात जे हाती लागते त्याचे दुःख बी न उगवण्याच्या दुःखापेक्षा वेगळे आहे. सोयाबीनचा दाणा ओलीने फुगलेला असतो, त्यातून पांढरा मोड बाहेर पडलेला असतो आणि तो मोड टोकाकडून तपकिरी होत चाललेला असतो. कोरडे बी घरात महिनोन्महिने निजून राहू शकते, पण एकदा पाणी पिऊन जागे झालेल्या बियाला पुन्हा निजता येत नाही. त्याला पुढेच जावे लागते आणि पुढे ओल नसेल तर तेथेच संपावे लागते. ज्या बियाने पावसावर लवकर विश्वास ठेवला तेच आधी जाते आणि ज्या शेतकऱ्याने वेळ साधली त्याचेच नुकसान मोठे होते. माणसाच्या आयुष्यातील पुष्कळ अपेक्षाभंग याच जातीचे असतात. ते आळसाचे वा चुकीचे फळ नसतात; योग्य वेळी, योग्य रीतीने केलेल्या कामावरच ते कोसळतात, आणि म्हणूनच त्यांच्यापुढे स्वतःला दोष देण्याचा आधारसुद्धा उरत नाही.

अशा वेळी जे करावे लागते त्याला महाराष्ट्रात दुबार पेरणी म्हणतात. गेलेले पीक वखराने, म्हणजे आडव्या पात्याच्या अवजाराने, मोडून काढायचे, पुन्हा पावसाची वाट पाहायची आणि त्याच रानात पुन्हा बी टाकायचे, एवढाच तिचा अर्थ आहे. पण पहिल्या पेरणीशी तिची तुलना केली तर उमेद कशाची बनलेली असते ते स्पष्ट दिसते. पहिल्या पेरणीला तिफणीची, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराची, हळदकुंकू लावून पूजा होते, नारळ फुटतो, घरातील लहानथोर बांधावर येतात. तिफणीवरच्या लाकडी वाटीला चाडे म्हणतात. त्यातील छिद्रांतून, नळ्यांवाटे, बी फणामागे मातीत उतरते, आणि चाड्यावर मूठ धरून ते सारख्या अंतराने सोडणे हे पुष्कळ ठिकाणी घरातील जाणत्या बाईचे काम असते. दुसऱ्या पेरणीला यांतील सोहळा बहुधा नसतो. नारळ नसतो, गर्दी नसते, बी उसनवारीचे असते आणि बैल किंवा ट्रॅक्टर मिळेल त्या वेळेला मिळतो. तरी चाड्यावरची मूठ मात्र पहिल्या वेळेइतकीच सावकाश सोडावी लागते, कारण मन खचले आहे म्हणून बी दाट किंवा विरळ पडले तर रान ते माफ करीत नाही. उत्साह आटल्यावरही हाताची शिस्त टिकणे, हेच येथे उमेदीचे खरे रूप आहे. ती मनात आधी येते आणि मग काम सुरू होते असे नसून, पुष्कळदा काम आधी सुरू होते आणि ती मागाहून येते.

सकारात्मकता या नावाने हल्ली जे सांगितले जाते त्यात बहुतेक वेळा मनाला उजळ ठेवण्याचा आग्रह असतो. कोरडवाहू शेतीचे शहाणपण याहून कठीण आणि अधिक प्रामाणिक आहे, कारण ते आधी हिशेब मांडते. जुलैचा मध्य ओलांडला असेल तर साधारणपणे मूग आणि उडीद पुन्हा पेरू नयेत असा सल्ला कृषी विद्यापीठे देतात. ही सत्तर दिवसांच्या आसपासची पिके असली तरी उशिरा पेरल्यास त्यांच्यावर भुरीसारखे रोग पडतात आणि उत्पादन घटते. त्याऐवजी बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांच्याकडे वळावे लागते, आणि हलक्या, मुरमाड रानात तर हुलगा किंवा मटकी हाच शेवटचा आसरा असतो. उशिराच्या परिस्थितीसाठी आखलेल्या अशा पीकबदलाला आपत्कालीन पीक नियोजन म्हणतात. सोयाबीनचे स्वप्न सोडून हुलग्यावर येणे ही घसरण आहे, हे कोणी नाकारू नये. बाजारात त्याची ऐट नाही आणि त्याने कर्ज फिटेल असेही नाही. पण हंगामाचे किती दिवस उरले आहेत ते मोजून, त्या दिवसांत जे येऊ शकते तेच पेरणे यात मोठे धैर्य आहे, कारण तेथे गेलेले गेले हे मान्य करावे लागते आणि उरलेले थोडे आहे म्हणून त्याचा अव्हेर करण्याचा मोहही आवरावा लागतो.

या धैर्याला महाराष्ट्रात शास्त्राचीही जोड मिळाली आहे. सोलापूर येथे 1933 मध्ये कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला सुरुवात झाली आणि ना. वि. कानिटकर यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमातून जी पद्धत पुढे आली तिला मुंबई कोरडवाहू शेतीपद्धत असे नाव पडले. बांधबंदिस्ती करून पाणी शेतातच जिरवणे, दोन ओळींत अंतर अधिक ठेवणे, एकरी बियाणे कमी वापरणे आणि वरचेवर कोळपणी करणे, म्हणजे पिकाच्या ओळींमधील माती हलकेच हलवून तण काढणे व भेगा बुजवणे, ही तिची मुख्य अंगे होत. पाणी थोडे असताना रोपेही थोडी ठेवावीत, म्हणजे जी राहतील त्यांना दाणे भरेपर्यंत ओल पुरेल, हा त्यामागचा विचार आहे. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी असे शेतकरी मानतात ते याच अनुभवावरून. आभाळातून पाणी आणणे माणसाच्या हाती नाही, पण जमिनीतून ते उडून जाऊ न देणे पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे, आणि खंडाच्या दिवसांत कोळपे घेऊन रानात उतरणारा माणूस तेवढ्याच भागावर आपली सारी शक्ती लावत असतो.

तरीही या गुणगानाला एक मर्यादा घातलीच पाहिजे. एकरी सुमारे 30 किलो सोयाबीनचे बियाणे, त्याबरोबर पेरलेले खत, मशागत आणि मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा करायचा तर पैसा लागतो, आणि पीककर्ज पहिल्या पेरणीतच मातीत गेलेले असते. मग सावकाराचे दार उरते. विदर्भात आणि मराठवाड्यात गेल्या काही दशकांत ज्या शेतकऱ्यांनी आपले जीवन संपवले त्यांना उमेद कमी पडली असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. कमी पडले ते वेळेवर मिळणारे कर्ज, खात्रीचे बियाणे आणि पिकाला परवडणारा भाव. 2020 मध्ये सोयाबीनचे विकत घेतलेले बियाणे उगवले नाही अशा तक्रारी राज्यात मोठ्या संख्येने आल्या, तेव्हा धीर धरा हे सांगणे पुरेसे नव्हते; भरपाई आणि दुसरे बी देणे आवश्यक होते. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर 100 दाणे ठेवून त्यांपैकी किमान 70 उगवतात का ते पाहावे आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, हे कृषी खात्याचे सल्ले मोलाचे आहेत, परंतु ते पाळूनही रान मोडते, आणि त्या दिवशी माणसाला उपदेशापेक्षा शेजार हवा असतो.

तो शेजार ग्रामीण महाराष्ट्राने परंपरेने घडवला होता. सावड म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने, पैशाविना काम करणे, आणि इर्जिक म्हणजे अडलेल्याच्या रानात गावातील बैलजोड्या एकाच दिवशी जुंपून काम उरकणे, ज्याच्या बदल्यात रानमालकाने सर्वांना जेवण द्यायचे. दुबार पेरणीच्या घाईत, वापसा दोन-तीन दिवसच टिकणार असताना, एकट्याच्या निर्धाराने जे साधत नाही ते या रीतीने साधत असे. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, मजुरी रोखीवर आली आणि या प्रथा विरळ होत गेल्या. हे नुकसान पावसाच्या खंडाइतकेच गंभीर मानावयास हवे. खचलेला माणूस स्वतःच्या बळावर उठतो ही कल्पना आकर्षक असली तरी शेतीत ती क्वचितच खरी ठरते, तेथे त्याला उठवणारे कोणीतरी बी घेऊन आलेले असते.

आणि काही वर्षी दुसरी पेरणीही जाते. तेव्हा भारी काळ्या जमिनीचा शेतकरी खरिपाचा नाद सोडून रान मोकळे ठेवतो, पावसाळाभर अधूनमधून वखराच्या पाळ्या देऊन ते तणमुक्त राखतो आणि श्रावण-भाद्रपदातील व परतीच्या पावसाची ओल मातीत साठू देतो. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या परिसरात तर ही रीत संकटाची नसून नेहमीचीच आहे. तेथील खोल काळ्या जमिनीत सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रब्बी ज्वारी पेरतात आणि ती बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. तेथील मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित असलेल्या उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळालेले आहे. दाण्याची भाकरी होते आणि ताटांचा कडबा होतो. जूनमधले सोयाबीन करपले, जुलैमधली बाजरीही गेली, अशा वर्षी घरात त्या कडब्याचे मोल दाण्याहून कमी धरले जात नाही, कारण उन्हाळ्याचे चार महिने गोठ्यातील जनावरे त्याच्यावरच काढायची असतात.