आधी ठरलेले बरे

माझ्या दवाखान्याचे संकेतस्थळ तयार करणाऱ्या तरुणाने पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिले: पाने ५, दुरुस्तीच्या फेऱ्या २, मुदत ६ आठवडे, मजकूर डॉक्टरांनी द्यावा. मला ते रुक्ष वाटले. पुढे मजकूर मीच महिनाभर रखडवला आणि उशिराबद्दल त्याच्यावरच चिडलो. त्याने शांतपणे तो कागद पुढे केला. मी वरमलो.

विषाणूजन्य खोकला ३ आठवडेही रेंगाळू शकतो, हे मी तरी रुग्णांना आधी कुठे सांगत होतो? पाचव्या दिवशी ते प्रतिजैविकांसाठी अन्यत्र जात. विषाणूंवर ती निरुपयोगीच! आता चिठ्ठीवरच अपेक्षित दिवस लिहितो; धाप लागल्यास वा थुंकीत रक्त दिसल्यास तत्काळ यावे, हेही. आपणही पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे: बरे वाटायला किती दिवस लागतील?