कूलर, काकाजी आणि नॉर्मा शिअरर

बाबा आमटे गेले फेब्रुवारी २००८ मध्ये. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आलेल्या मजकुरातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली ती आजतागायत. तरुणपणी बाबांना सिनेमाचं वेड होतं. लंडनहून निघणाऱ्या ‘पिक्चरगोअर’ या नियतकालिकासाठी ते चित्रपटांची परीक्षणं लिहीत, आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या हॉलिवुडच्या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. पुढे कुष्ठरुग्णांचं काम उभं राहिलं तेव्हा परदेशातून मदत पाठवणाऱ्या पहिल्या काही माणसांत नॉर्मा शिअरर होती.

मी भद्रावतीचा. बाबांचं आनंदवन जिथे, ते वरोडा इथून वीसेक किलोमीटर. शाळेची सहल आनंदवनात गेली नाही असा माणूस या पट्ट्यात शोधून सापडायचा नाही. बाबांची बनियान आणि अर्धी चड्डी, त्यांचं पाठीचं दुखणं, झोपून केलेले प्रवास, सगळं आम्हाला पाठ. गार्बोचं मात्र कुणी बोललं नव्हतं. आणि जिथे हा उल्लेख येतो तिथे तो त्यागाच्या आधीची चैन म्हणून येतो: मालगुजाराचा मुलगा, शिकारीची बंदूक, स्पोर्ट्स गाडी, आणि त्याच यादीत नट्यांची पत्रं. मला ही यादी कधी पटली नाही. बंदूक आणि गाडी बापाच्या पैशाने येते. परीक्षण लिहायला सिनेमा नीट बघावा लागतो, घरी येऊन पुन्हा मनात चालवावा लागतो, आणि कागदावर मत मांडून ते सांभाळावं लागतं. १९१४ साली हिंगणघाटला जन्मलेला एक पोरगा हे करत होता, तेही इंग्रजीत. तरुणपणच्या त्या बघण्याचा आणि पुढच्या कामाचा संबंध ओढूनताणून जोडता येईल. मी जोडत नाही. त्या पोराने काय बघितलं असेल, तेवढंच मला हवं होतं.

बरीच वर्षं ही इच्छा नुसती राहिली. चंद्रपूरच्या सीडीच्या दुकानात ‘नॉर्मा शिअरर’ म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही. मग इंटरनेट स्वस्त झालं, टीव्हीवरच यूट्यूब लागायला लागलं, आणि शनिवारी रात्री आमच्या बैठकीच्या खोलीत जुने सिनेमे सुरू झाले. प्रेक्षक चार. मी, आमच्या सौ., गडचिरोलीकडून आमच्याकडे राहायला आलेल्या आत्याबाई आणि शेजारचे काकाजी.

काकाजींबद्दल सांगायला हवं. तरुणपणी ते टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. जत्रा लागली की तंबू लागायचा, जत्रा उठली की बैलगाड्यांवर सामान. नंतर चंद्रपुरात एका थिएटरातही त्यांनी मशीन चालवलं. त्यांच्या मते सिनेमा म्हणजे उजेड, रीळ आणि सांधा, नट-नट्या त्यानंतर. पहिल्याच शनिवारी मी अभिमानाने गार्बो लावली, तर दहा-पंधरा मिनिटांनी हे म्हणतात, “पाय, ठिपका आला.” पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल डाग चमकून गेला होता. काही सेकंदांनी पुन्हा. पहिला ठिपका दिसला की ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा दिसला की त्या मशीनवर जायचं. प्रेक्षकाला रीळ बदललेलं कळता कामा नये. नव्वद वर्षांपूर्वीच्या कुणा ऑपरेटरसाठी मारलेला तो ठिपका संगणकात गेलेल्या प्रतीतही तसाच राहिला होता. “आमच्या तंबूत एकच मशीन,” काकाजी म्हणाले, “रीळ संपलं का दिवे लागत. मानसं बिडी पिऊन येत. नाई तं कोन बसते एवढा वेळ?” तेव्हापासून चौघांपैकी कुणालाही ठिपका दिसला की आमच्याकडे चहा ठेवला जातो.

उन्हाळ्याने आमच्या आवडीनिवडीत भलताच हात घातला. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. कूलर बंद करणं शक्य नाही, आणि कूलर चालू असला की जुन्या बोलपटातलं अक्षर ऐकू येत नाही. त्या काळचं ध्वनिमुद्रण आधीच खरखरीचं, त्यात आमच्या वाळ्याच्या ताट्यांमधून घोंघावणारा वारा. त्यातून आपोआप नियम झाला: उन्हाळ्यात मूकपट, दिवाळीनंतर बोलपट. मूकपट मी एरवी बघितले नसते हे खरं. ते मी कूलरमुळे बघितले.

‘कालिया मर्दन’ लावला तो अशाच एका रात्री. फाळक्यांचा १९१९ चा चित्रपट. सुरुवातीला माणसं तुरुतुरु पळायला लागली तशी सौ. हसल्या. काकाजींनी तिथल्या तिथे कारण सांगितलं. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं यायची. बोलपट आल्यावर ती चोवीस ठरली. जुनं रीळ नव्या वेगाने सोडलं की माणसं पळणारच. “मानसं नाई पयत, मशीन पयते,” असं म्हणून त्यांनी मला वेग पाऊण करायला लावला. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ही सोय आहे, कुणालाही करून बघता येईल. वेग उतरला आणि पडद्यावरची माणसं एकदम वजनदार झाली. हात उचलला तर तो हात उचलल्यासारखा दिसू लागला. मूकपटांना हसण्याचं निम्मं कारण या वेगात आहे असं माझं आता ठाम मत आहे.

त्या चित्रपटात गोष्ट सुरू होण्याआधी फाळके आपल्या मुलीचा, मंदाकिनीचा, नुसता चेहरा दाखवतात. सातेक वर्षांची पोर एकामागून एक भाव करून दाखवते, आणि मग तीच कृष्ण होते. बाप जणू सांगतो की ही माझी मुलगी आहे, हे सोंग आहे, आता बघा. सोंग आहे असं सांगूनही ते चालतं, हे मला विलक्षण वाटतं. आत्याबाईंना यात काहीच नवल नव्हतं. त्या झाडीपट्टीत वाढलेल्या, रात्र-रात्र नाटकं बघितलेल्या. दंडारीत बाई झालेला पुरुष त्यांनी लहानपणापासून पाहिला. फाळक्यांच्याच ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते, हे सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मंग दोघं एका जागी आले का कसं करत?”

खरी अडचण पुढे आली. कृष्ण पाण्यात उतरला, नागाशी झुंज सुरू झाली, आणि आत्याबाईंनी पदर सावरून हात जोडले. आम्हाला वाटलं कृष्णाला. “नागाले,” त्या म्हणाल्या. भद्रनागाचं देऊळ असलेल्या गावात राहायचं आणि नाग तुडवलेला मजेने बघायचा, हे त्यांच्या मनाला रुचेना. खोटा, माणसांनी केलेला नाग तो. तरी त्यांचा नमस्कार संपेपर्यंत मी सिनेमा थांबवून ठेवला.

आता नॉर्मा शिअरर. गार्बोचं नाव निदान ऐकलेलं असतं. शिअररचं कुणी काढत नाही. हिचा जन्म मॉन्ट्रियलचा, १९०२ चा. एका डोळ्यात किंचित तिरळेपणा. डी. डब्ल्यू. ग्रिफिथसारख्या दिग्दर्शकाने तिला सांगितलं होतं की या डोळ्यांनी तू कधी तारका होणार नाहीस. तिने डोळ्यांचे व्यायाम केले, प्रकाश कुठून आला की चेहरा सरळ दिसतो याचा अभ्यास केला, आणि १९३० च्या ‘द डिव्होर्सी’साठी ऑस्कर मिळवलं. हे मी नंतर वाचलं. आधी ते काकाजींना दिसलं. “इचा डोळा लपवून रायले,” ते म्हणाले, “मान पाय कशी धरते.” दिवा आणि चेहरा यांचं नातं जो मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या काड्यांमधलं अंतर हाताने सांभाळत शिकला, त्याला ते दिसणारच.

‘द डिव्होर्सी’ची गोष्ट अशी. नवऱ्याचं बाहेर प्रकरण निघतं. त्याला काही अर्थ नव्हता, विसरून जा, असं तो म्हणतो. बायको ऐकून घेते, तो परगावी जातो, आणि आल्यावर ती त्याला शांतपणे सांगते की मीही आपला हिशेब बरोबर केला आहे. मग विसरणं त्याला जमत नाही. मी दुभाष्याचं काम करत होतो आणि हे वाक्य आत्याबाईंना कसं सांगावं म्हणून घुटमळत होतो. त्यांना ते चेहऱ्यावरूनच कळलं होतं. “बरं केलं,” त्या म्हणाल्या. काकाजींनी छताकडे बघितलं. चार वर्षांनी, १९३४ पासून, हॉलिवुडमध्ये नीतिनियम कडक झाले आणि असली बायको पडद्यावर यायची बंद झाली. नागपुरात शिकणाऱ्या मुरलीधर आमटे नावाच्या पोराने यातलं काय काय बघितलं याची यादी माझ्याकडे नाही. पण ही बाई दुसऱ्याचं पत्र वाचून उत्तर देणारी असावी, हे तिचं काम बघून मला पटतं. ती समोरच्याचं बोलणं ऐकते. पडद्यावर ऐकणं फार थोड्यांना येतं.

गार्बो निराळी. ती कुणाचं ऐकत असेल असं वाटत नाही. ‘क्वीन क्रिस्टीना’ (१९३३) संपताना ती जहाजाच्या टोकाशी उभी असते. राज्य सोडलेलं, प्रियकर मेलेला. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो आणि तिथेच थांबतो. दिग्दर्शक रूबेन मामूलियन याने तिला कसलाही विचार करू नकोस, चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव, असं सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. मी हे आधी कुणाला बोललो नाही. सिनेमा संपल्यावर प्रत्येकाला विचारलं, ती काय विचार करत होती?

“माहेर आठवत असंन तिले,” आत्याबाई.

“काही नाही, सुटली ती,” सौ.

काकाजींनी बराच वेळ घेतला. “हवा लागत असंन तोंडावर. लई थंडी रायते समुद्रावर.” समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.

थंडी पडली की आमचे मराठी बोलपट निघतात. पहिला ‘कुंकू’. शांतारामबापूंनी १९३७ मध्ये या चित्रपटाला पार्श्वसंगीतच दिलं नाही. घरातले, रस्त्यातले जे आवाज असतील तेच. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली शांता आपट्यांची नीरा त्या आवाजांमध्ये नुसती ‘नाही’ म्हणून उभी राहते. केशवराव दात्यांनी तो म्हातारा इतका बारकाईने केलाय की त्याचा राग पुरता येत नाही, आणि राग येत नाही याचाच राग येतो. काकाजींनी हा सिनेमा तंबूत अनेकदा दाखवलेला, पण जनरेटरच्या धडधडीत त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. आमच्या खोलीत, कूलर झाकून ठेवलेल्या डिसेंबरात, त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला, आणि त्या रात्री ठिपक्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

‘संत तुकाराम’वर मात्र घरात दोन पक्ष आहेत. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा चित्रपट, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. काकाजी विष्णुपंत पागनिसांचे. तंबूत शेवटी विमान आलं की माणसं उभी राहायची, चपला बाहेर काढून आलेली असायची, पडद्याकडे पैसे फेकायची. सकाळी पडद्याखालची चिल्लर वेचायचं काम यांच्याकडे. आत्याबाई गौरीच्या. प्रभातमध्ये किरकोळ कामांपासून सुरुवात केलेली ही बाई जिजाई होऊन म्हशीशी बोलते, पोर आजारी पडल्यावर चप्पल घेऊन देवळात देवाला जाब विचारायला जाते, आणि नवरा वैकुंठाला चल म्हणतो तेव्हा तिला पोरांच्या जेवणाचं पडलेलं असतं. माझं मत आत्याबाईंच्या बाजूने आहे. पागनीस अवीट आहेत, पण त्यांच्यासारखा संत दुसरीकडे सापडेल. गौरीसारखी बायको त्या काळच्या जगातल्या कुठल्याही सिनेमात मला अजून दिसलेली नाही, आणि यात मी हॉलिवुडही धरतो.

हे सिनेमे उरले हे नशीब. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, त्याची एकही प्रत आज नाही. झिजलेली रिळं भंगारात कशी जायची हे काकाजी निर्विकारपणे सांगतात: चांदी काढायला, बांगड्या करायला. त्यांनी स्वतः विकलीत.

गेल्या वर्षी मी एक फुलस्केप वही केली. आमटे लिहायचे तसं आपणही प्रत्येक सिनेमाचं पानभर लिहावं, एवढीच उमेद. माझी पानं फार पुस्तकी होतात, म्हणून आता मी बाकीच्यांचं मत तोंडी घेऊन जसंच्या तसं उतरवतो. ‘संत तुकाराम’च्या पानावर आत्याबाईंनी सांगितलेलं आहे: “तुकाराम चांगला हाय. घर जिजाईनं चालवलं. थे दाखोलं, म्हनून पिक्चर खरा हाय.” काकाजींना हे मान्य नव्हतं. बराच वाद घातल्यावर त्यांनी खाली आपल्या हाताने एक ओळ लिहिली आणि सही केली: दुसऱ्या रिळातला सांधा कच्चा आहे, बाकी ठीक.